घोडे कोठे पेंड खाते?

एखादे काम अडले आणि अडण्याचे कारण कळेनासे झाले, की मराठी माणूस विचारतो, ‘घोडे नेमके कोठे पेंड खाते आहे?’ गावोगावी घोडे होते त्या काळातील हा वाक्प्रचार. पुढे घोडे दृष्टीआड झाले. वाक्प्रचार मात्र कार्यालयांत, बैठकींत आणि घरगुती चर्चांत टिकून राहिला. गंमत अशी, की खुद्द घोड्याच्या बाबतीत हा प्रश्न आजही अवघड आहे. घोडा लंगडतो तेव्हा दुखते कोठे हे त्याला सांगता येत नाही. त्यातही पुढच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्याचे दुखणे पुष्कळदा खुराच्या आत, शिंगासारख्या कठीण कवचाखाली दडलेले असते. तेथे वैद्याचा हात पोहोचत नाही आणि डोळाही पोहोचत नाही.

उदाहरणादाखल एक घोडी डोळ्यांसमोर आणावी. वय बारा वर्षे, वजन सुमारे साडेचारशे किलो, काम मुलांना घोडेस्वारी शिकवण्याचे. स्वभावाने इतकी शांत, की नवख्या मुलाला पहिल्या दिवशी तिच्याच पाठीवर बसवतात. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र ती वळणावर आखडते. सकाळी तबेल्यातून निघताना तिची पावले आखूड पडतात. थोडी चालली की बरी वाटते. मोतद्दार म्हणतो, खांदा भरला आहे. नालबंद म्हणतो, नाल नीट बसलेली नाही. मालक म्हणतो, वय झाले. तिघेही अनुभवी आणि तिघांचे तीन अंदाज. यांपैकी कोणत्याही अंदाजावर विसंबून तिला वेदनाशामक औषध देऊन कामाला जुंपले, तर एखाद्या दिवशी ती अडखळेल आणि पाठीवरचे मूल खाली येईल. उलट ‘आता हिचे दिवस भरले’ असे ठरवून टाकले, तर कदाचित साध्या उपायाने बरे होणारे जनावर वाया जाईल. म्हणून निदान हवे. आणि निदानासाठी आधी तो पाय समजून घ्यायला हवा.

घोड्याच्या पायाविषयी पहिला गोंधळ नावांचाच होतो. पुढच्या पायाच्या मध्यावर जो ‘गुडघा’ दिसतो, तो वस्तुतः माणसाच्या मनगटाशी जुळणारा सांधा आहे. त्याच्या खालचा सारा भाग म्हणजे तळहात आणि एकच बोट, मधले बोट. आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. साडेचारशे किलोंचा देह अशा चार नखांवर उभा असतो. त्या भाराचा सुमारे साठ टक्के वाटा पुढच्या दोन पायांवर येतो. भरधाव दौडीत तर एकेका पुढच्या पायावर क्षणभर देहभाराच्या दुपटीहून अधिक जोर पडतो. पुढच्या पायांचीच दुखणी अधिक का आढळतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

खुराच्या आत जागा थोडी आणि दाटी फार. सर्वांत खाली खुराच्याच आकाराचे एक हाड असते. कवचाच्या पेटीत बंद असलेल्या या हाडाला इंग्रजीत कॉफिन बोन म्हणतात. मराठीत त्याला खुरास्थी म्हणता येईल. त्याच्यावर दुसऱ्या पेराच्या हाडाचे टोक टेकलेले असते आणि मागच्या बाजूला होडीच्या आकाराचे एक लहानसे हाड, नॅव्हिक्युलर, बसवलेले असते. ही तीन हाडे मिळून खुरातला सांधा होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याला घट्ट धरून ठेवणारे अस्थिबंध असतात. पायाच्या मागून उतरणारी जाड कंडरा या होडीवरून, कप्पीवरून दोर जावा तशी, वळसा घेऊन खुरास्थीच्या तळाला चिकटते. हाड, कूर्चा, अस्थिबंध, कंडरा आणि वंगणाची पिशवी हे सारे मुठीएवढ्या जागेत एकमेकांना खेटून असते. यांपैकी काहीही बिघडले तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच: घोडा लंगडतो.

सांध्याचा विकार सुरू होतो तो गुपचूप. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या थरात संवेदना वाहून नेणाऱ्या नसा नसतात. म्हणून त्याची झीज सुरू झाली तरी आरंभी दुखत नाही. पुढे सांध्याच्या आतील अस्तराला सूज येते, वंगणाचे काम करणारा द्रव पातळ होतो, सुजेतून निर्माण होणारी द्रव्ये कूर्चा आणखी पोखरतात आणि कूर्चेखालच्या हाडावर ताण येतो. अस्तर आणि हाड यांना मात्र वेदना कळते. शरीर आपल्या परीने डागडुजी करू पाहते आणि सांध्याच्या कडेला हाडाचे कंगोरे वाढू लागतात. वर्षानुवर्षांचा भार, कठीण जमीन, लहान वर्तुळात सतत वळणे, जुनी दुखापत आणि वाकडी छाटणी ही त्याची नेहमीची कारणे. खुराचा पुढचा भाग लांब वाढला आणि टाच खचली, तर प्रत्येक पावलाला पाय उचलताना सांध्यावर आणि कंडरेवर अधिक ताण येतो. महिनाभर लांबणीवर पडलेली नालबंदी स्वस्त वाटते; तिची किंमत सांधा मोजतो.

हे सारे आतले. वैद्याची तपासणी सुरू होते ती मात्र बाहेरून, नुसत्या पाहण्याने. घोडीला आधी कठीण आणि सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालीने पळवतात. दुखरा पुढचा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा त्याच्यावरचा भार हलका करण्यासाठी घोडा मान वर उचलतो. चांगला पाय टेकतो तेव्हा मान खाली जाते. ही मानेची लय ज्याला वाचता आली, त्याला दुखरा पाय कोणता ते कळते. मग घोडीला वर्तुळात फिरवतात, मऊ आणि कठीण अशा दोन्ही जमिनींवर. खुरातला सांधा दुखत असेल, तर कठीण जमिनीवर वळताना लंगडणे बहुधा वाढते. नंतर हाताने खुराची उष्णता आणि घोट्याजवळची नाडी पाहतात, सांडशीसारख्या चिमट्याने तळवा दाबून पाहतात. खिळा लागला आहे का, आत पू झाला आहे का, ही साधी कारणे आधी बाजूला काढायची असतात. महागड्या यंत्रापाशी नेलेल्या घोड्याच्या तळव्यात शेवटी खिळाच सापडावा, यासारखी नामुष्की नाही.

दुखरा पाय कळला. पण पायातले ठिकाण कळलेले नसते. त्यासाठी पशुवैद्यकाने जी युक्ती शोधली ती मोठी तर्कशुद्ध आहे. पायातील ठरावीक नसेभोवती बधिर करणारे औषध टोचायचे आणि काही मिनिटांनी घोडीला पुन्हा पळवायचे. लंगडणे थांबले, तर दुखणे त्या नसेच्या क्षेत्रात आहे. थांबले नाही, तर सुई थोडी वर न्यायची. अशा रीतीने खालून वर, एकेक भाग वगळत जायचे. हवे तर औषध थेट खुरातल्या सांध्यात सोडता येते. तथापि येथेही सावध राहावे लागते. औषध झिरपत शेजारच्या भागांपर्यंत जाते आणि सांधा, होडीचे हाड व तळव्याचा काही भाग एकदमच बधिर होतात. उत्तर मिळते ते गल्लीचे. घराचा क्रमांक अजून कळायचा असतो. शिवाय हाडाला तडा गेल्याचा संशय असेल, तर बधिर करणे टाळतात. कारण वेदना थांबली की घोडा त्या पायावर निर्धास्तपणे भार टाकतो आणि तड्याचा पुरता अस्थिभंग होऊ शकतो.

आपल्या घोडीच्या बाबतीत येथेच अनपेक्षित असे काही घडते. डावा पुढचा पाय बधिर केल्यावर ती सरळ चालू लागेल अशी सर्वांची अपेक्षा असते. ती उजव्या पायाने लंगडू लागते. म्हणजे दुखत होते दोन्ही पाय. डावा अधिक दुखत होता म्हणून उजव्याची तक्रार झाकली गेली होती. हा प्रकार दुर्मीळ नाही. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील, तर घोडा उघडपणे लंगडतही नाही. फक्त पावले आखूड टाकतो आणि लोक त्याला आळशी म्हणतात.

आता आतील चित्राची वेळ येते. विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला तो ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीतील वुर्झबर्ग येथे. पुढच्याच वर्षी, १८९६ साली, बर्लिन व लंडन येथील पशुवैद्यकांनी त्यांचा वापर जनावरांवर करून पाहिला आणि त्यांच्या आरंभीच्या चित्रांत घोड्याचा पाय होता. कारण उघड आहे. त्या काळच्या दुबळ्या किरणांना घोड्याचे धड भेदता येणे शक्य नव्हते. मात्र पायाच्या खालच्या भागात मांसल स्नायू नसल्याने तेथील हाडांची सावली मिळवणे जमण्यासारखे होते.

आज हे यंत्र हातात धरता येईल इतके लहान झाले आहे आणि चित्र काही क्षणांत संगणकाच्या पडद्यावर येते. पूर्वतयारी मात्र जुनीच आहे आणि तिच्यात हयगय केली तर चित्र फसवते. नाल काढावी लागते. खूर खरवडून व घासून स्वच्छ करावा लागतो, कारण चिकटलेला एक खडा हाडातल्या दोषासारखा दिसू शकतो. खुराच्या तळाशी पाचरीच्या आकाराचा, रबरासारखा भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत हवा राहिली, तर तिची काळी रेघ चित्रात हाडावर पडते आणि तडा गेल्याचा भास होतो. म्हणून त्या खोबणीत मुलांच्या खेळण्यातील मातीसारखा मऊ गोळा दाबून भरतात. घोड्याला लाकडी ठोकळ्यावर उभे करून, शिशाचे आच्छादन घातलेली माणसे किमान चार-पाच दिशांनी चित्रे घेतात: बाजूने, समोरून, तिरके वरून आणि मागून. एकाच दिशेचे चित्र म्हणजे एकाच साक्षीदाराची साक्ष.

या चित्रांत सांध्याच्या कडेचे कंगोरे दिसतात, हाडांमधले अंतर कमी झालेले दिसते, होडीच्या हाडातली छिद्रे व पोकळ्या दिसतात, खुराचा कोन आणि तळव्याची जाडी मोजता येते. नालबंदाला तर ही चित्रे आराखड्यासारखी उपयोगी पडतात. परंतु क्ष-किरणांना मुख्यतः हाड दिसते. कूर्चा दिसत नाही, कंडरा व अस्थिबंध नीट दिसत नाहीत. आणि हाडातील खनिजांचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक नाहीसा होईपर्यंत हाडातला विरळपणाही सहसा नजरेत भरत नाही. क्ष-किरणचित्र ‘स्वच्छ’ आले याचा अर्थ सांधा निरोगी आहे असा होत नाही.

ही मर्यादा शंभर वर्षे घोड्यांना महागात पडली. खुराच्या मागच्या भागात दुखते एवढे कळे. चित्रात होडीच्या हाडाचेच काही बदल दिसत. म्हणून असंख्य घोड्यांच्या नावापुढे ‘नॅव्हिक्युलरचा रोग’ हा एकच शेरा पडला. औषधांनी गुण आला नाही की पायाच्या संवेदना वाहणाऱ्या नसा कापून टाकण्याची शस्त्रक्रिया केली जाई. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली ही शस्त्रक्रिया आजही काही घोड्यांवर, पर्याय उरला नाही म्हणून, केली जाते. घोडा लंगडायचा थांबतो. परंतु आतली इजा तशीच राहते, आणि वेदनेचा इशारा बंद झाल्यामुळे तो दुखऱ्या पायावर पूर्ण जोर देत राहतो. आधीच फाटत चाललेली कंडरा अशा वेळी तुटूही शकते. तक्रार थांबवणे आणि तक्रारीचे कारण दूर करणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पडदा उघडला तो चुंबकीय प्रतिमेने, म्हणजे एमआरआयने. हे तंत्र क्ष-किरणे वापरत नाही. बलवान चुंबकाच्या क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या व चरबीच्या रेणूंमधील हायड्रोजनची केंद्रके रेडिओलहरींना जो प्रतिसाद देतात, त्यावरून ते आतल्या ऊतींचे पापुद्र्यापापुद्र्याने चित्र उभे करते. त्यामुळे हाडाबरोबर कंडरा, अस्थिबंध, सांध्यातील द्रव आणि हाडाच्या आत आलेली सूजही दिसते. इंग्लंडमधील न्यूमार्केट हे शर्यतीच्या घोड्यांचे जगप्रसिद्ध केंद्र. तेथील अ‍ॅनिमल हेल्थ ट्रस्ट या संस्थेत डॉ. सू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या तीन वर्षांत खुराच्या दुखण्याने लंगडणाऱ्या १९९ घोड्यांची अशी तपासणी केली. निष्कर्ष डोळे उघडणारे होते. शंभरात जवळजवळ साठ घोड्यांच्या खोल कंडरेत इजा सापडली. सुमारे एकतृतीयांश घोड्यांच्या खुरातल्या सांध्याचे बाजूचे अस्थिबंध दुखावलेले होते. कित्येकांत एकाहून अधिक दोष एकत्र होते. एकाच शेऱ्याखाली किती निरनिराळे रोग कोंबले गेले होते, हे तेव्हा स्पष्ट झाले. कंडरेच्या मोठ्या इजांत पूर्ववत काम करू शकणारे घोडे थोडेच निघाले, हीसुद्धा त्या अभ्यासाने सांगितलेली कटू गोष्ट.

आरंभी या तपासणीसाठी घोड्याला पूर्ण भूल देऊन आडवे करावे लागे. माणसाला भूल देणे आज बरेच निर्धोक झाले आहे. घोड्याचे तसे नाही. एवढा देह आडवा पडला की फुप्फुसे व स्नायू दबतात आणि शुद्धीवर येताना धडपडून उठताना हाड मोडण्याचा धोका असतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पोटशूळाची तातडीची प्रकरणे वगळूनही, भूल दिलेल्या शंभर घोड्यांमागे जवळजवळ एक घोडा दगावल्याचे आढळले. निव्वळ निदानासाठी हा धोका पत्करावा का, हा प्रश्न प्रत्येक मालकापुढे असे. या शतकाच्या आरंभी उभ्या घोड्याच्या पायाला सामावून घेणारे, उघड्या बाजूचे कमी शक्तीचे चुंबक इंग्लंडमध्ये तयार झाले आणि हा प्रश्न बराच सुटला. गुंगीचे हलके औषध देऊन घोड्याला उभेच ठेवायचे आणि एक पाय चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये ठेवायचा. घोडा डुलतो, त्यामुळे चित्र पुसट होते आणि पुन्हा घ्यावे लागते. पण त्याच्या जिवावर बेतत नाही.

इतर साधनांचीही आपापली जागा आहे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाचे संगणकीय छेदचित्र घेतले. त्या सीटी तंत्राची आता उभ्या घोड्यासाठीची यंत्रेही आली आहेत आणि हाडाचा सूक्ष्म तडा दाखवण्यात त्याचा हात धरणारे दुसरे नाही. सोनोग्राफीचा ध्वनी खुराचे कवच भेदू शकत नाही. मात्र कवचाच्या वरच्या कडेला अस्थिबंधाचा काही भाग तिला दिसतो. टेक्निशियम हे सौम्य किरणोत्सारी द्रव्य शिरेतून दिले, तर ज्या हाडात घडामोड चालली आहे तेथे ते अधिक साठते आणि तो भाग चित्रात उजळतो. सहा तासांत त्याचा किरणोत्सार निम्म्यावर येतो.

इतकी साधने हाताशी असल्यावर थेट यंत्रापासूनच सुरुवात का करू नये, असे कोणाला वाटेल. येथेच या साऱ्या विषयाचे मर्म आहे. चित्र बदल दाखवते. दुखणे दाखवत नाही. अनेक वर्षे काम केलेल्या, मुळीच न लंगडणाऱ्या घोड्यांच्या सांध्यांतही कंगोरे सापडतात. उलट, खुरातल्या सांध्याची कूर्चा इतकी पातळ असते, की तिची आरंभीची झीज कमी शक्तीच्या चुंबकालाही अनेकदा दिसत नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर चित्र म्हणजे ताळेबंद: ठरावीक दिवसाची स्थिती त्यात अचूक मांडलेली असते, पण व्यवहार कोठे अडला आहे हे समजण्यासाठी खतावणी उघडून नोंदी तपासाव्याच लागतात. घोड्याची चाल, वळण, हाताखालची उष्णता, बधिर केल्यावर पडलेला फरक या त्या नोंदी. त्यांचा आणि चित्राचा मेळ बसला तरच निदान पक्के. माणसांनाही हे लागू पडते. गुडघ्याच्या वा पाठीच्या चित्रात ‘झीज’ हा शब्द वाचून खचून जाणारी माणसे घरोघरी असतात; वय वाढले की काहीही न दुखणाऱ्यांच्या चित्रांतही तसे बदल आढळतात, हे त्यांना वेळीच कोणी सांगितलेले नसते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. घोड्यांच्या वैद्याला पूर्वी शालिहोत्री म्हणत, ते शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८८६ सालची. महालक्ष्मी व पुणे येथील शर्यतींचे घोडे लाखमोलाचे, त्यांच्या दिमतीला वैद्य असतात. पण माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे पर्यटकांना आणि सामानाला वाहून नेणारे घोडेही याच राज्यात आहेत. चढउताराच्या वाटेवर दिवसभर राबणाऱ्या घोड्याचा खूर हीच तेथील कुटुंबाची मिळकत. मोठी यंत्रे अशा घोड्यापर्यंत पोहोचणे अवघड असते. तरीही वेळेवर नालबंदी, सपाट जमिनीवर चाल पाहण्याची सवय, सुईने ठिकाण शोधणारा जाणता वैद्य आणि हातात मावणारे क्ष-किरण यंत्र एवढ्यावर निदानाचा बराच मोठा पल्ला गाठता येतो.

विक्रीच्या वेळी तर या तपासणीला नैतिक मोलही येते. वेदनाशामक देऊन लंगडा घोडा चार दिवस धडधाकट दाखवता येतो, हे बाजारातील जुने गुपित. ब्रिटनमध्ये खरेदीपूर्वीच्या तपासणीत घोड्याचे रक्त काढून जपून ठेवण्याची पद्धत आहे. पुढे संशय आलाच तर औषध दिले होते का ते त्या रक्तावरून पाहता येते. फसवणुकीत विकत घेणाऱ्याचे पैसे जातात. घोड्याच्या वाट्याला मात्र दुखऱ्या पायाने नव्या घरी पुन्हा ओझे वाहणे येते.

आता त्या घोडीकडे परत यावे. दोन्ही पुढच्या पायांच्या चित्रांत खुरांचा पुढचा भाग लांब वाढलेला, टाचा खचलेल्या आणि सांध्याच्या पुढच्या कडेला लहान कंगोरे दिसले. सांध्यात औषध सोडून केलेल्या चाचणीने लंगडणे लगेच कमी झाले होते. चाल, सुई आणि चित्र यांचा मेळ बसला: खुरातल्या सांध्याचा संधिवात, आरंभीच्या अवस्थेतला. खांदा निर्दोष होता. नालबंद निम्मा बरोबर होता. मालकही पूर्ण चुकला नव्हता, पण ‘वय झाले’ हे निदान नव्हे आणि उपचार तर नव्हेच. खुरांचा पुढचा भाग छाटून, पाऊल सहज उचलता येईल अशी पुढून गोलसर नाल बसवण्यात आली. सांध्यात सुजेवरचे औषध दिले गेले. लहान वर्तुळातले काम बंद झाले. तिला तबेल्यात जखडून न ठेवता रोज मऊ जमिनीवर सरळ रेषेत चालवावे, असे ठरले. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, हे वैद्याने मालकाला आडपडदा न ठेवता सांगितले. काही महिन्यांनी ती पुन्हा मुलांना पाठीवर घेऊ लागली, पण सरळ वाटेने, संथ चालीने आणि पूर्वीपेक्षा थोडा वेळ.

मराठीत एक जुने कोडे घरोघरी घातले जाते: भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. या घोडीच्या बाबतीत ते उत्तर खरे ठरले; संधिवाताच्या सांध्याला बेताचे चालणे मानवते. पण तिच्या कंडरेला इजा असती, तर हेच फिरवणे तिला कायमची अधू करून गेले असते; तेथे महिनोन्महिन्यांची विश्रांती हाच उपाय होता. लंगडणे तेच, पाय तोच, उपचार मात्र परस्परविरुद्ध. मुक्या प्राण्याला फिरवायचे की थांबवायचे, हे ठरवण्याआधी घोडे कोठे पेंड खाते हे धीराने शोधावे लागते, ते एवढ्यासाठीच.